पहिल्या गिअरमधलं जेवण

आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या बाई लोकांना गाडी चालवायला शिकवतात. सगळी वस्ती त्यांना ब्रेकबाई म्हणते आणि त्यांनाही ते ठाऊक आहे. शिकाऊ गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी एक जादा ब्रेक असतो. शिकणाऱ्यानं घोळ घातला की तो दाबायचा. बाईंचा पाय वर्षानुवर्षं त्या ब्रेकवर आहे. मी गाडी त्यांच्याकडेच शिकले, त्यामुळे मी सांगते त्यातलं बरंचसं डोळ्यांनी पाहिलेलं आहे. जे ऐकीव आहे तेही बाई आणि त्यांच्या सासूबाई या दोघींनीच, माझ्या स्वयंपाकघरात बसून, एकमेकींची वाक्यं तोडत सांगितलेलं आहे. त्यामुळे कुठे दोन गोष्टी जुळल्या नाहीत तर भांडण त्यांच्याशी करा.

ब्रेकबाई कधी ओरडत नसत. मी एकदा भर चौकात ब्रेकऐवजी अॅक्सिलरेटर दाबला आणि गाडी थेट समोरच्या दुधाच्या टेम्पोवर निघाली, तेव्हाही त्यांनी आपला ब्रेक दाबला, एक श्वास घेतला आणि म्हणाल्या, "परत एकदा." बस, एवढंच. माझी बोबडी वळली होती आणि बाई समोरच्या कप्प्यातून बिस्किटाचा पुडा काढत होत्या. मला तेव्हा वाटलं, काय धीराची बाई आहे. आता कळतं की तो धीर नव्हता. त्या भीती गिळायच्या आणि तिच्यामागून एक बिस्कीट गिळायच्या. दिवसातून दहा-बारा शिकाऊ, प्रत्येकाच्या हातात त्यांचा जीव, आणि हूं की चूं नाही. सिग्नल लाल झाला की दोन बिस्किटं. कुणी गाडी मागे घेत असेल तर केळं, कारण मागे घ्यायला लोक फार वेळ लावतात. दुपारचं जेवण म्हणजे पुढचा शिकाऊ येईपर्यंत जे हाताला लागेल ते.

घरी तरी काय वेगळं होतं? बाईंचा नवरा बेकरीत भट्टीवर काम करतो. पहाट व्हायच्या आधी घर सोडायचं आणि दिवेलागणीला झोपायचं, हा त्याचा दिवस. बाई घरी यायच्या तेव्हा तो घोरत असायचा. सासूबाई त्यांच्या वेळेवर, टेबल पुसून, पाण्याचा ग्लास भरून, एकट्या जेवलेल्या असायच्या आणि सुनेचं ताट झाकून ठेवून आपल्या खोलीत गेलेल्या असायच्या. बाई ते ताट उचलायच्या, फ्रिजला टेकून उभ्या राहायच्या आणि फोनवर कुणाचे तरी व्हिडिओ बघत ते संपवायच्या. काय खाल्लं विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. घरात माणसं तीन, पण जेवायला एका वेळी एकच.

सासूबाई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. जन्मभर या गावचं बोलणं त्या गावाला जोडून दिलं, पण घरात सुनेशी संभाषण "दूध संपलंय" याच्या पलीकडे काही जाईना. भांडण म्हणाल तर एकही नाही. भांडण असतं तर बरं झालं असतं, भांडायला निदान समोरासमोर उभं राहावं लागतं. या दोघी एकमेकींना इतक्या जपायच्या की एक स्वयंपाकघरात आली की दुसरी बाहेर पडायची, उगीच तिला अडचण नको म्हणून.

मग एका न्हाव्याची शिकवणी आली. हा न्हावी ब्रेकबाईंचा सगळ्यात गुणी विद्यार्थी. हात हलका, नजर पक्की, त्याला शिकवायला म्हणजे आरामच. एका सकाळी मोकळ्या रस्त्यावरून तो अगदी सरळ, शहाण्यासारखी गाडी चालवत होता आणि बाईंनी जीव खाऊन ब्रेक दाबला. पुढे काही नव्हतं. माणूस नाही, कुत्रं नाही, खड्डासुद्धा नाही. न्हाव्यानं बाजूला बघितलं तर बाईंचा चेहरा घामानं थबथबलेला आणि हात बर्फासारखे. त्यानं गाडी कडेला लावली (लावली छान, त्या अवस्थेतही बाईंनी ते बघितलं) आणि टॅक्सी थांबवून त्यांना दवाखान्यात नेलं.

दवाखान्यात रक्त तपासून झालं, हृदयाचा आलेख झाला, सगळं झालं. वाईट असं काही सापडलं नाही. पित्त भयंकर, झोप नाही, पोट कायम बिघडलेलं, हे बाईंना आधीच माहीत होतं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण घाईत नव्हत्या. त्यांनी विचारलं, काल दुपारी काय जेवलात? बाईंनी आठवून आठवून सांगितलं. मग त्यांनी विचारलं, कुणाबरोबर? बाईंनी आदल्या दुपारचे शिकाऊ एकेक करून आठवले. शेवटी म्हणाल्या, "एक जण यू टर्न घेत होता."

डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या आणि वर सांगितलं, "दिवसातून एकदा तरी न हलणाऱ्या जागी बसून जेवा. आणि ज्याच्यापासून त्या क्षणी तुमच्या जिवाला धोका नाही, अशा कुणाबरोबर तरी जेवा."

बाईंनी ही हकीकत रात्री नवऱ्याला उठवून सांगितली. नवऱ्यानं कामावर निघण्याआधी चहा घेता घेता ती आईला सांगितली. त्या घरात बातमी अशीच फिरायची, पोस्टासारखी. सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि कप विसळला.

त्यानंतर चारच दिवसांनी ब्रेकबाई आपल्या ऑफिसात बसल्या होत्या. ऑफिस म्हणजे लॉन्ड्रीशेजारचा एक गाळा, त्यात एक टेबल, दोन खुर्च्या आणि भिंतीवर वाहतुकीच्या चिन्हांचा तक्ता. दार ढकलून सासूबाई आत आल्या. ठेवणीतला स्वेटर, हातात पर्स. गिऱ्हाइकाच्या खुर्चीत ताठ बसल्या आणि म्हणाल्या, "मला गाडी शिकायची आहे. दुपारी एक ते दोनची वेळ हवी."

बाईंना वाटलं, यांना ताप चढलाय. त्या हळूच म्हणाल्या, "आई, तुमचं वय..."

"बाहेर पाटीवर वयाची अट लिहिलेली दिसली नाही."

"अहो, पण ती माझी जेवायची वेळ आहे."

"मला ठाऊक आहे. म्हणून तर. फी मी पैशात देणार नाही, डबा आणीन."

बाई अजूनही शपथेवर सांगतात की सासूबाई हे सगळं आपल्यासाठी करत होत्या. सासूबाई शपथेवर सांगतात की अजिबात नाही, त्यांना तरुणपणापासून गाडी चालवायची होती, नवरा होता तोवर स्टिअरिंग त्याच्या हातात होतं आणि नंतर विचारायचं राहून गेलं. सुनेची तब्येत ही निव्वळ सबब. दोघींतली एक खोटं बोलतेय एवढं नक्की, पण मला वाटतं दोघीही खरं बोलत असाव्यात.

पहिला धडा बंद पडलेल्या सिनेमागृहामागच्या मोकळ्या मैदानात झाला. पूर्वी तिथे गाड्या लावायचे. आता नुसते खांब, गवत आणि एक म्हातारा पहारेकरी. सासूबाईंनी घरून उशी आणली होती. ती खाली ठेवून बसल्या, आरसा नीट केला, त्यात आधी केस बघितले आणि मग मागचा रस्ता. गाडी सुरू झाली. गाडी निघाली, असं मात्र म्हणवत नाही. एक कुत्रं शेजारून आलं, थोडा वेळ बरोबर चाललं आणि कंटाळून पुढे निघून गेलं. बाबागाडी ढकलत एक बाई त्यांना ओलांडून गेली आणि जाता जाता तिनं आत डोकावून बघितलं, सगळं ठीक आहे ना म्हणून. सासूबाईंनी तिला हात केला. मग कशी कोण जाणे, गाडीला अक्कल सुचली आणि ती एका खांबाकडे धावली.

"आई, थांबा."

"कशाला? आत्ता कुठे जमतंय."

बाईंनी ब्रेक दाबला. गाडी खांबापासून वीतभर अंतरावर उभी राहिली. सासूबाईंनी काच खाली केली आणि खांबाला म्हणाल्या, "चुकलंच हं." सवय. एक्स्चेंजमध्ये चुकीचा नंबर लागला की असंच म्हणायच्या.

मग इंजिन बंद झालं आणि डबा उघडला. उकडलेले बटाटे, त्यावर लोणी आणि मिरपूड. अंडी. थर्मासात गाजराचं गरम सूप. सफरचंदाच्या फोडी, काळ्या पडू नयेत म्हणून लिंबू लावलेल्या. बाईंनी बटाटा उचलला आणि दोन घासांत गायब केला, हात दुसऱ्याकडे गेलासुद्धा. सासूबाई बघत राहिल्या. एवढ्या वर्षांत सुनेला जेवताना त्यांनी कधी धड पाहिलंच नव्हतं.

"अगं, मला मघापासून सांगतेयस ना, हळू, पहिल्या गिअरमध्ये राहा? मग तूही पहिल्या गिअरमध्ये जेव."

बाईंना ठसका लागला. हसू आलं होतं, पण सासूबाईंसमोर असं खदखदून हसायची पद्धत नव्हती, म्हणून ते सुपाबरोबर गिळलं. गिळायची सवय अशी एका दिवसात जात नाही.

ती सवय गेली दुसऱ्या आठवड्यात. सासूबाई वळण घेत होत्या. बाई म्हणाल्या, वळायचा दिवा लावा. सासूबाईंनी ठामपणे दांडी ओढली, पण ओढली ती वायपरची. काच धुवायच्या पाण्याची पिचकारी अशी काही उडाली की काच राहिली कोरडी आणि पलीकडे पायरीवर पाव खात बसलेल्या पहारेकऱ्याला आंघोळ झाली. त्यानं पावाकडे बघितलं, आभाळाकडे बघितलं, आणि शांतपणे छत्री उघडून पुढचा घास घेतला. तेवढ्यात वायपर कुईं कुईं करत कोरड्या काचेवर नाचायला लागले. ते बंद करायला गेल्या तर हॉर्न वाजला. हॉर्नला दचकून सासूबाई पहारेकऱ्याला म्हणाल्या, "हॅलो, कोण बोलतंय?"

झालं. ब्रेकबाईंच्या पोटातून जे हसू उसळलं ते आवरेना. डोकं डॅशबोर्डवर टेकलं, डोळ्यांतून पाणी, आवाज फुटेना. सासूबाई आधी रागावल्या, मग त्यांच्याही ओठांचं टोक हललं आणि त्याही सुटल्या. एक थांबली की दुसरी "हॅलो" म्हणायची आणि पुन्हा सुरू. थर्मासचं झाकण गडगडत सीटखाली गेलं, ते काढायला दोघी एकदम वाकल्या आणि डोक्याला डोकं आपटलं. पहारेकरी छत्री घेऊन काचेशी आला. त्याला बघून तर विचारूच नका. शेवटी त्यांनी त्याला अर्धी अंडी आणि सगळं सफरचंद देऊन टाकलं. हसून हसून बरगड्या दुखत होत्या आणि त्या दोघींनी आयुष्यात पहिल्यांदाच एकाच गोष्टीला एकाच वेळी हसून घेतलं होतं.

त्या रात्री बाई आडव्या पडल्या आणि सकाळी उठल्या. एरवी मधल्या वेळात त्या छताकडे बघत तास मोजायच्या.

पुढे दुपारचा डबा म्हणजे दोघींचं व्यसन झालं. सासूबाई सकाळपासून तयारीला लागायच्या. कधी मक्याची कणसं भाजून, कधी मासा वाफवून, कधी नुसता भात आणि दही. बेकरीतून लेक पाव आणायचा, तो कपड्यात गुंडाळून. अर्धा तास गाडी, अर्धा तास जेवण, असं ठरलं होतं, पण बोलणं सुरू झालं की गाडीचा वेळ खायचा की जेवणाचा, यावर वाद व्हायचा. छान वाद, समोरासमोर बसून घातलेला. गाडीत बाई शिक्षिका आणि सासूबाई विद्यार्थिनी, डबा उघडला की उलट. "आरशात बघा" याला "नीट चाव" हे उत्तर. सगळं बोलणं मात्र हलकंच असायचं असं नाही. एकदा पावाला लोणी लावता लावता सासूबाई म्हणाल्या, "तू मी झाकून ठेवलेलं जेवायचीस की नाही, मला कधी कळलंच नाही. सकाळी घासलेलं ताट दिसायचं. आता घासलेल्या ताटाला काय विचारणार?"

बाई म्हणाल्या, "जेवायची. उभ्यानं."

"आणि चव?"

"ती मला आत्ता कळतेय."

सासूबाईंनी त्या पावावर आणखी लोणी थापलं. डॉक्टरीणबाईंना ते आवडलं नसतं, पण त्या तिथे नव्हत्या.

हळूहळू फरक आम्हालाही दिसायला लागला. गाडीच्या कप्प्यातला बिस्किटाचा पुडा नरम पडून गेला आणि शेवटी चिमण्यांना गेला. पित्ताच्या गोळ्या आधी विसरल्या गेल्या, मग डॉक्टरीणबाईंनीच बंद केल्या. गुडघे दुखायचे ते दुखतच राहिले, सगळंच काही जेवणानं बरं होत नाही. पण सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे बाई बोलायला लागल्या. शिकाऊ मुलगी बसच्या फार जवळ गेली की त्या मोठ्यांदा सांगायच्या, "अगं, माझ्या पोटात गोळा आलाय, जरा लांबून घे." गंमत अशी की शिकणाऱ्यांना त्यानं हायसं वाटायचं. गाडीत भीती वाटणारे आपण एकटेच नाही हे कळलं की हात आपोआप सैल पडतात. सासूबाईंचं म्हणाल तर त्यांनी काळा चष्मा विकत घेतला. आठवड्यातून दोनदा उठणारी त्यांची डोकेदुखी कुठे गेली ते त्यांनाही कळलं नाही. जिना चढताना त्या तोंडानं गिअरचे आवाज काढतात हे मी स्वतः ऐकलंय.

मग परीक्षा. पहिल्यांदा सासूबाई नापास झाल्या. भर रस्त्यात कबुतरांचा थवा दाणे टिपत होता, तर त्यांनी गाडी उभी केली आणि हॉर्न वाजवायला साफ नकार दिला. मागे गाड्यांची रांग लागली. परीक्षक साहेबांनी कारण विचारलं तर म्हणाल्या, जेवणाऱ्याला मधूनच उठवू नये. साहेबांनी लाल पेन काढलं. घरी आल्यावर दोघी त्या कबुतरांची नक्कल करून इतक्या हसल्या की झोपलेला लेक उठून बाहेर आला. आई आणि बायको टेबलाशी समोरासमोर बसून माना पुढे-मागे करतायत हे त्यानं दारातून बघितलं. एक खुर्ची ओढली आणि बसला. त्या घरात तिघं एकदम टेबलाशी बसली ती त्या संध्याकाळी, आणि पुढे तो रोज झोपेतला अर्धा तास त्या टेबलाला द्यायला लागला.

दुसऱ्या परीक्षेला ब्रेकबाई बाहेरच्या बाकावर बसून होत्या. सासूबाई साहेबांना घेऊन फाटकातून बाहेर पडल्या, दिवा बरोबर लावला, वळल्या आणि दिसेनाशा झाल्या. शेकडो माणसांना बाईंनी असं परीक्षेला सोडलेलं होतं, पण इतका जीव कधी टांगणीला लागला नव्हता. त्या उठल्या, बसल्या, पुन्हा उठल्या. शेजारी एक मुलगा नखं खात बसला होता, त्याला त्यांनी डब्यातलं अंडं दिलं आणि वर दमही दिला, की आधी जेवावं, मग घाबरावं. मुलगा खाऊ लागला आणि गाडी परत आली. दोन गाड्यांच्या मधल्या जागेत सासूबाईंनी ती मागे मागे घेत अशी काही बसवली, जशी डबीत डबी. साहेब उतरले. चेहरा तसाच आंबट, पण पेन हिरवं होतं.

सासूबाई खाली उतरल्या, काळा चष्मा काढला आणि सुनेला म्हणाल्या, "आता तू मागे बस. निदान एकदा तरी, काही न दाबता."

"मागे?"

"पुढची जागा माझ्या मुलाची. त्याला घ्यायला जायचंय."

बाई निमूटपणे मागे बसल्या. पायांना काही काम नव्हतं. त्या सांगतात की पहिल्या दोन वळणांना जीव वर-खाली झाला, आणि तिसऱ्या वळणाला त्यांच्या लक्षात आलं की रस्त्याच्या कडेला झाडं आहेत. इतकी वर्षं त्याच रस्त्यानं गेल्या होत्या. झाडं केव्हाची होती.

बेकरीच्या मागच्या दाराशी गाडी थांबली. पाळी संपवून लेक बाहेर आला, भुवयांपासून चपलांपर्यंत पिठानं पांढरा. स्टिअरिंगवर आई. त्यानं आधी गाडीचा नंबर वाचला, मग पुन्हा आईकडे बघितलं. मग परत आत गेला. दोघींना वाटलं, घाबरला. तर तो आतून सगळ्या भट्टीवाल्यांना घेऊन आला, आणि ती पिठानं माखलेली माणसं रांगेत उभी राहून टाळ्या वाजवायला लागली. टाळ्यांबरोबर पीठ उडालं, सासूबाईंना शिंका आल्या आणि त्या शिंकत शिंकतच निघाल्या. लेकाच्या मांडीवर गरम पावांची पिशवी होती.

घराच्या वाटेवर एक मोठा गोल चौक लागतो, पाच रस्त्यांचा. शिकाऊ माणसं तिथे रडतात. सासूबाई चौकात शिरल्या, व्यवस्थित शिरल्या, पण आपला रस्ता आला तेव्हा बाजूनं बस होती आणि तो सुटला. "हरकत नाही," मागून बाई म्हणाल्या, "फिरून या." फिरून आल्या. या खेपेला टेम्पो होता, पुन्हा सुटला. तिसऱ्या खेपेला रस्ता मोकळा होता, अगदी हात जोडून उभा असल्यासारखा मोकळा, आणि सासूबाई त्याच्याकडे बघत बघत पुढे निघून गेल्या.

लेक म्हणाला, "आई, आपला रस्ता गेला."

"बघितला मी," सासूबाई म्हणाल्या. "पाव काढ."

त्यानं पाव फोडला. वाफ निघाली. एक तुकडा आईच्या तोंडात दिला, एक मागे पोचवला. बाई हसायला लागल्या होत्याच. सासूबाईंनी काच खाली केली, वारा आत आला, तिघांच्या अंगावर पीठ उडायला लागलं. चौकात मध्यभागी पोलीस उभा होता, तो त्यांच्याबरोबर जागच्या जागी गोल फिरत बघत होता. किती फेऱ्या झाल्या ते विचारू नका, त्या दोघींचं त्यावर अजून एकमत नाही. पाव संपेपर्यंत, एवढं दोघीही मान्य करतात.